जुन्या गाडीच्या बाहेरच्या ट्रिमच्या क्लिप, रिव्हेट आणि स्क्रू बदलणे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बाहेरची ट्रिम म्हणजे नेमके काय, आणि ती कशावर टिकून असते?

बंपर, ग्रिल, दाराच्या बाजूची बीडिंग, दाराखालच्या उंबऱ्यावरची पट्टी, चाकाच्या कमानीतले प्लास्टिकचे अस्तर (लायनर), वायपरखालची जाळी, क्रोमच्या पट्ट्या, नावाची अक्षरे आणि बिल्ले. यांतले वजनदार भाग बोल्टवर असतात, बहुधा १० मिमी पान्याच्या एम ६ (६ मिमी जाडीच्या) बोल्टवर. कडा आणि मधला भाग प्लास्टिकच्या क्लिपांवर असतो. लायनर पुश क्लिप (मधली पिन बसली की पाय फुगून भोकात अडकणारी क्लिप), स्क्रू किंवा रिव्हेटवर (एकदाच ओढून पक्की होणारी धातूची खीळ) बसवतात, तर बीडिंग दातेरी क्लिपांवर, दुतर्फा चिकटणाऱ्या फोम टेपवर किंवा दोन्हींवर.

एकाच बंपरला चार-पाच जातींचे फास्टनर सापडणे नेहमीचेच. म्हणून काढताना प्रत्येक जागेचा फोटो घ्या आणि निघालेली क्लिप त्या जागेच्या नावाच्या पाकिटात टाका. सगळे एका डब्यात टाकले की परत बसवताना लांब स्क्रू आखूड जागी जातो आणि फेंडरच्या, म्हणजे चाकावरच्या, पत्र्याला आतून पुळी येते.

जुन्या क्लिप काढताना हमखास का तुटतात?

बहुतेक क्लिप नायलॉनच्या असतात. नायलॉनला चिवटपणा येतो तो त्याने हवेतून शोषलेल्या ओलाव्यामुळे. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने आणि ऊन्हातल्या अतिनील किरणांनी ते कडक आणि ठिसूळ होते. त्यात पिन आणि बाहेरची नळी यांच्या फटीत चिखल जाऊन घट्ट बसतो, त्यामुळे पिन वर येण्याआधी डोकेच उडते.

थंडीच्या पहाटे हे काम करू नका. गाडी थोडी ऊन्हात तापू द्या, किंवा हेअर ड्रायरने क्लिपच्या आजूबाजूचा भाग हाताला सोसेल इतपत गरम करा. चिखल आधी ब्रशने आणि पाण्याने धुवून काढा. एवढे करूनही निम्म्या क्लिप तुटल्या तरी हरकत नाही. क्लिप बदलता येते. जपायचे आहे ते पत्र्यातले भोक आणि ट्रिमच्या मागची खाच. पुढच्या जवळजवळ प्रत्येक उत्तराचे मूळ यातच आहे.

कोणती हत्यारे लागतात?

प्लास्टिकच्या पट्ट्यांचा (ट्रिम टूल) संच, व्ही आकाराची खाच असलेला क्लिप काढण्याचा काटा, चपटा आणि फिलिप्स पेचकस, साइड कटर, ८ आणि १० मिमीचे सॉकेट, व्हर्नियर (बारीक मापे घेण्याचे जबडेवाले साधन), मास्किंग टेप, हेअर ड्रायर. रिव्हेट असतील तर ड्रिल आणि हाताची रिव्हेट गन. लोखंडी पेचकसाने रंगवलेल्या कडेला टेकू देऊन उचकटू नका. नाइलाज असेल तर खाली मास्किंग टेपचे दोन थर आणि त्यावर प्लास्टिकची पट्टी ठेवा.

पुश क्लिप ओढायची की दाबायची?

दोन्ही प्रकार असतात, आणि इथेच सर्वाधिक क्लिप वाया जातात.

डोक्याच्या कडेला खाच दिसत असेल तर मधली पिन वर उचलायची. त्या खाचेत चपटा पेचकस घालून पिन सुटी होईपर्यंत वर घ्या. पिन पूर्ण वर आली की खालचे पाय आकसतात आणि क्लिप काट्याने सहज निघते. पिन वर येण्याआधीच सगळी क्लिप उचकटली तर फुगलेले पाय भोकाची कड ओरबाडतात.

डोके सपाट असेल, मधे छोटे वर्तुळ असेल आणि खाच कुठेच नसेल तर ती बहुधा दाबायची क्लिप. मधली पिन साधारण २ ते ३ मिमी आत ढकला, टक असा आवाज येतो, मग क्लिप सुटते. जास्त जोरात दाबल्यास पिन आरपार जाऊन पोकळीत पडते. परत बसवण्यापूर्वी पिन मागच्या बाजूने ढकलून डोक्याच्या वर काढायला विसरू नका. नंतर क्लिप भोकात घालून पिन डोक्याशी सपाट होईल एवढीच दाबा.

मधे स्क्रूसारखी पिन आहे, ती नुसती फिरते. काय करावे?

आतले प्लास्टिकचे आटे झिजले आहेत किंवा बाहेरची नळीच सोबत फिरते आहे. क्लिपच्या डोक्याखाली पातळ पट्टी सरकवून हलका वरचा ताण द्या आणि त्याच वेळी पेचकस उलटा फिरवा, दाब अगदी कमी ठेवून. पेचकस जोरात दाबला तर पिन पुन्हा खाली बसते. तरीही निघाली नाही तर साइड कटरने डोके कापा आणि उरलेला भाग आत ढकला.

आत ढकलण्यापूर्वी एक गोष्ट बघा: आत काय आहे? लायनरमागची मोकळी जागा असेल तर तुकडा खाली पडेल. दाराची किंवा उंबऱ्याची बंद पोकळी असेल तर तोच तुकडा पाणी निचऱ्याच्या भोकावर जाऊन बसतो, आणि काही पावसाळ्यांनी दाराची खालची कड आतून कुजते. तिथे तुकडा चिमट्याने धरून बाहेरच काढा.

दातेरी, झाडासारख्या क्लिप पुन्हा वापरता येतात का?

नाही. ती एकेरी वाट आहे. दात भोकात शिरताना वाकतात आणि मागे उघडतात. बाहेर ओढताना ते दुमडतात किंवा तुटतात. दिसायला शाबूत असली तरी तिची पकड कमी झालेली असते. काढताना काट्याची खाच क्लिपच्या दांड्याला अगदी चिकटून बसवा आणि सरळ वर उचला. ट्रिमची कड धरून ओढल्यास क्लिप पत्र्यातच राहते आणि ट्रिममागचा प्लास्टिकचा घरटा (ज्याच्या खाचेत क्लिपचे डोके सरकते) फुटतो. क्लिप चिल्लर आहे, फुटलेला घरटा मात्र अख्ख्या पट्टीवर पाणी सोडायला लावतो.

घरटा फुटलाच असेल तर दोन भागांच्या प्लास्टिक इपॉक्सीने जोडता येतो, पण पट्टी कशाची आहे त्यावर ते अवलंबून आहे. मागे तिरप्या कंसांत पीपी (म्हणजे पॉलिप्रॉपिलीन) असे उठावदार लिहिलेले असेल तर साधे इपॉक्सी टिकणार नाही. पॉलिप्रॉपिलीनला बहुतेक गोंद धरतच नाहीत. आधी त्यासाठीचा खास प्रायमर लावा, नाहीतर गरम करून प्लास्टिक वेल्डिंग करा.

गंजलेला बोल्ट फिरतो, पण बाहेर येत नाही.

मागचा नट सोबत फिरतो आहे. पत्र्याच्या कडेवर चढवलेला इंग्रजी यू आकाराचा स्प्रिंग नट असेल तर तो मागून पकडीने धरा. हात पोहोचत नसेल तर बोल्टच्या डोक्याखाली पट्टी घालून ताण द्या आणि सावकाश फिरवा. आदल्या रात्री गंज सोडवणारे तेल मारून ठेवले असेल तर काम खूप सोपे होते.

शेवटचा उपाय म्हणजे डोके ड्रिल करून उडवणे. बोल्टच्या दांड्याहून किंचित जाड बिट घ्या, म्हणजे एम ६ साठी साधारण ६.५ मिमी. डोके सुटले की दांडा आत पडतो. ज्योतीने गरम करण्याचा मोह टाळा: आजूबाजूला प्लास्टिक, अंडरकोट (पत्र्याच्या खालच्या बाजूचा गंजरोधक लेप), वायरिंग असते, आणि मागच्या चाकाजवळ इंधनाची नळीसुद्धा.

नवीन क्लिप मागवताना कोणती मापे घ्यायची?

चार. पत्र्यातल्या भोकाचा व्यास, डोक्याचा व्यास, डोक्याखालच्या दांड्याची लांबी, आणि क्लिप ज्यांना एकत्र धरते त्या थरांची एकूण जाडी. पहिले आणि शेवटचे माप चुकले तर बाकी दोन बरोबर असून उपयोग नाही.

भोक मोजा, जुनी क्लिप नव्हे. जुनी क्लिप दाबून चपटी झालेली असते. व्हर्नियरच्या आतल्या जबड्यांनी छोट्या भोकाचे माप किंचित कमी येते. त्याऐवजी ड्रिल बिटची गुळगुळीत शेपटी गेज म्हणून वापरा. ८ मिमीची शेपटी जाते आणि ८.५ची जात नाही, म्हणजे भोक ८ मिमीचे धरा. प्रचलित भोके ६ ते १० मिमीच्या दरम्यान असतात. गंजाचा पापुद्रा आधी खरवडून मगच मोजा.

जाडीही महत्त्वाची. जुन्या गाडीचा बाहेरचा पत्रा साधारण ०.७ ते ०.९ मिमी असतो आणि त्यावर प्लास्टिक २.५ ते ३ मिमी. म्हणजे क्लिपने सुमारे ३.५ मिमी धरायला हवेत. दांडा लांब निघाला तर क्लिप बसते पण ट्रिम खुळखुळते. आखूड निघाला तर पाय पत्र्याच्या मागे उघडतच नाहीत, आणि पहिल्याच खड्ड्यात क्लिप गळते.

जुन्या अमेरिकी आणि ब्रिटिश गाड्यांत मापे इंचांत असू शकतात. तिथे जवळचे मेट्रिक माप ‘बसल्यासारखे’ वाटते आणि महिन्याभरात सुटते.

किती मागवायच्या? मोजलेल्या संख्येच्या वर निदान पाचवा हिस्सा. काढताना न तुटलेल्याही बसवताना तुटतात.

शेकडो क्लिपांचे तयार डबे मिळतात. ते घ्यावेत का?

लायनर आणि इंजिनाखालच्या पत्र्यासाठी चालतील. दाराची बीडिंग, क्रोमची पट्टी, काचेभोवतीची मोल्डिंग यांसाठी नको. तिथे क्लिपच्या डोक्याची जाडी अर्ध्या मिलिमीटरनेही वेगळी असली तर पट्टी एका टोकाला उचललेली दिसते. जुन्या क्लिपच्या मागे भाग क्रमांक कोरलेला असेल तर त्यावरून शोधा.

डब्यातल्या क्लिप हाताळून बघा. चांगली नायलॉनची क्लिप बोटांत वाकवली की परत सरळ होते; वाकवताच पांढरी रेघ उमटत असेल तर तो ढिगाऱ्याचा माल. नायलॉनच्या नवीन क्लिप कोरड्या हवेत खूप दिवस पडून असतील तर बसवण्याआधी काही तास कोमट पाण्यात ठेवा. ओलावा परत शोषला की त्या कमी तडकतात. पीओएम (ॲसिटल नावाचे प्लास्टिक) किंवा पीपी लिहिलेल्या क्लिपांना या उपायाचा काही फायदा नाही, त्या पाणी जवळजवळ शोषतच नाहीत.

भोक मोठे झाले आहे किंवा कडेने गंजले आहे. जाड क्लिप ठोकून बसवू का?

गंज तसाच ठेवून नाही. गंजलेल्या कडेवर नवीन क्लिप बसवणे म्हणजे गंज झाकून ठेवणे. क्लिपखाली पाणी साचते आणि पुढच्या वेळी भोकाऐवजी खिंडार सापडते.

आधी सुटा गंज तारेच्या ब्रशने आणि गोल कानशीने चकचकीत धातू दिसेपर्यंत काढा. खोल खड्ड्यांत गंज उरलाच तर तिथे गंज-रूपांतरक लावा. स्वच्छ धातूवर त्याचा उपयोग नाही, आणि पापुद्र्यावर लावला तर तो पापुद्र्यासकट निघतो. मग इपॉक्सी प्रायमर आणि वर रंगाचे दोन पातळ हात, बारीक ब्रशने भोकाच्या आतल्या कडेलाही. रंग पक्का वाळल्याशिवाय, म्हणजे निदान एक दिवस, क्लिप बसवू नका. ओल्या रंगात बसवली की तिचे पाय रंग खरवडून नेतात आणि सगळी मेहनत पाण्यात जाते.

आता भोक मोजा. अर्धा-एक मिलिमीटर वाढले असेल तर एक माप मोठी क्लिप घ्या. त्याहून जास्त वाढले असेल आणि भोक कडेजवळ असेल तर यू नट चढवून स्क्रू लावा. कडेपासून दूर असेल तर रिव्हेट नट (रिव्हेटसारखा भोकात पक्का होणारा, आत आटे असलेला नट): एम ६ साठी साधारण ९ मिमी, एम ५ साठी ७ मिमी भोक लागते. भोक लांबट फाटले असेल तर पत्र्याचा तुकडा जोडणे हाच खरा इलाज, वॉशरचा ढीग नव्हे.

ड्रिल केल्यावर पडलेला लोखंडी कीस चुंबकाने आणि ब्रशने लगेच गोळा करा. रंगावर चिकटलेला कीस पहिल्याच पावसात तांबडे ठिपके काढतो.

जुने रिव्हेट कसे काढायचे, नवे कोणते?

रिव्हेटच्या मापाच्याच बिटने डोके उडवा. पत्र्यात शिरू नका. रिव्हेट बिटसोबत फिरायला लागला तर डोके पक्कडीने किंवा छिन्नीच्या टोकाने धरून ठेवा. मधली लोखंडी दांडी आडवी येत असेल तर ती आधी पंचने आत ठोका, नाहीतर बिट घसरून रंगावर जातो. लायनरला पुष्कळदा ४.८ मिमीचे रिव्हेट असतात आणि त्यासाठी ४.९ मिमीचे भोक हवे. ४ मिमीला ४.१, ३.२ला ३.३. प्लास्टिकवर मोठ्या डोक्याचा रिव्हेटच घ्या, लहान डोके प्लास्टिकमधून ओढून निघते. पाकिटावर लिहिलेली पकडीची जाडी आपल्या थरांशी जुळते का ते पाहा.

पुन्हा कधी काढावे लागेल अशा जागी मात्र रिव्हेटऐवजी यू नट आणि स्क्रू बरा.

बीडिंग टेपवर होती, ती सुटली. कशी चिकटवायची?

जुनी टेप पूर्ण काढा, दोन्ही बाजूंची. हेअर ड्रायरने गरम करून बोटाने किंवा रबरी चाकाने घासली की ती गुंडाळत निघते. पेट्रोल, थिनर नको. शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाण्याचे अर्धे-अर्धे मिश्रण स्वच्छ फडक्यावर घेऊन पुसा, आणि त्यानंतर त्या जागेला बोट लावू नका. मेणाची पॉलिश राहिली असेल तर टेप पावसाळा काढत नाही.

ॲक्रिलिक फोमची, बाहेरच्या वापराची टेप घ्या, जाडी साधारण १ मिमी. आतल्या कामाची पांढरी स्पंजी टेप पाणी शोषते. पत्रा १५ अंश सेल्सियसच्या वर असू द्या; २१ ते ३८ अंश उत्तम. आधी मास्किंग टेपने सरळ रेघ आखून घ्या, कारण ही टेप एकदा टेकली की सरकत नाही. प्रत्येक इंचावर अंगठ्याने जोरात दाबा, ही टेप दाबावर धरते. सर्वसाधारण खोलीच्या तापमानात २० मिनिटांत निम्मी, दिवसात सुमारे ९० टक्के आणि तीन दिवसांत पूर्ण ताकद येते. तेवढे दिवस दाबाच्या पाण्याने गाडी धुवू नका.

ज्या बीडिंगला टेप आणि क्लिप दोन्ही आहेत, तिथे क्लिपा नव्या न घालता नुसत्या टेपवर भिस्त ठेवू नका. टोके क्लिपच धरतात, आणि सुटायला सुरुवात टोकाकडूनच होते.

क्रोमची किंवा स्टेनलेसची जुनी पट्टी न वाकवता कशी काढायची?

आधी टोके तपासा. मधल्या क्लिप दाबून बसणाऱ्या असल्या तरी टोकाला पुष्कळदा स्टड (आटे असलेला खुंट) आणि नट असतो, आणि तो फेंडरच्या आतून किंवा दाराच्या आतल्या पॅनलमागून काढावा लागतो. तो न काढता ओढलेली पट्टी टोकाशी घडी घेते, आणि स्टेनलेसची घडी पूर्णपणे कधीच जात नाही. ॲल्युमिनियमची तर त्याहून लवकर पडते. नट काढल्यावर एका क्लिपजवळून सुरुवात करा, प्रत्येक क्लिपपाशी थोडे थोडे उचला, एका टोकाला हवेत धरून ओढू नका.

स्टेनलेसच्या पट्टीखाली साधी लोखंडी क्लिप ओली राहिली की गंजते ती क्लिप आणि तिच्या मागचा पत्रा. पट्टी चकाकत राहते, म्हणून नुकसान उशिरा कळते. शक्य तिथे प्लास्टिकची किंवा स्टेनलेसची क्लिप घ्या आणि भोकात थोडे गंजरोधक मेण भरा.

बिल्ल्याचा मागचा खुंट तुटला.

जुने बिल्ले बहुधा जस्ताच्या ओतीव मिश्रधातूचे असतात आणि खुंट ठिसूळ. दाबून बसवायचे गोल नट ओढून काढताना ते तुटतात, म्हणून नटच कापा. एक खुंट तुटला असेल तर उरलेल्या खुंटांनी जागा पक्की होते आणि तुटलेल्या बाजूला ॲक्रिलिक फोम टेप पुरते. निव्वळ टेपवरचा बिल्ला मासे धरायच्या दोऱ्याने, मागून करवतीसारखे ओढून, रंगाला धक्का न लावता निघतो.

ट्रिममध्ये एकच भोक गोल आणि बाकी लांबट का? स्क्रू किती घट्ट करायचे?

प्लास्टिक फुगते म्हणून. १ मीटर लांबीची, दुसरी कोणतीही भुकटी किंवा तंतू न मिसळलेल्या पॉलिप्रॉपिलीनची पट्टी ४० अंश तापमानफरकात ४ ते ६ मिमी वाढते. तेवढाच पत्रा जेमतेम अर्धा मिलिमीटर. गोल भोक जागा ठरवते आणि लांबट भोकांतून पट्टी सरकते. सगळे स्क्रू आवळून टाकले किंवा मागून गोंद भरला तर उन्हाळ्यात पट्टी मधे फुगते आणि थंडीत स्क्रूपाशी चिरते.

म्हणून सुरुवात गोल भोकापासून. बाकी सगळे आधी सैल लावा, फटी जुळवा, मग मधून टोकांकडे आवळत जा. स्क्रूचे डोके टेकल्यावर अगदी थोडे, बस. वॉशर प्लास्टिकमध्ये रुतताना दिसला तर जास्त झाले. प्लास्टिकमध्ये थेट जाणारा स्क्रू परत लावताना आधी उलटा फिरवा. जुन्या आट्यांत पडला की हाताला बारीक खटका लागतो, मग सुलटा आवळा. तसे न करता घुसवला तर तो दुसरे आटे पाडतो आणि दोन-तीन वेळांत भोक संपते.

आटे धरून ठेवणारे द्रव (थ्रेडलॉकर) प्लास्टिकजवळ वापरू नका. एबीएससारख्या प्लास्टिकला त्याने तडे जातात.

सिलिकॉन, केबल टाय, गरम गोंद चालेल का?

केबल टाय घरी पोहोचेपर्यंत चालेल; लोंबणारा लायनर चाकाला घासण्यापेक्षा तो केव्हाही बरा. व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन पत्र्यावर नको, वाळताना ते ॲसिटिक आम्ल सोडते आणि उघड्या लोखंडाला गंज लावते. गरम गोंद उन्हात मऊ पडतो.

बंपर काढताना आणखी काय सांभाळायचे?

बंपर मोकळा झाला म्हणून दोन पावले मागे जाऊ नका. धुक्याच्या दिव्यांच्या आणि पार्किंग सेन्सरच्या वायरी आधी सोडवा. दोघे जण असतील तर फेंडरजवळचे दोन्ही कोपरे एकाच वेळी सुटतात आणि तिथल्या प्लास्टिकच्या पट्ट्या वाचतात. लायनरसाठी गाडी उचलणार असाल तर नुसत्या जॅकवर हात आत घालू नका, स्टँड लावा. पुढच्या लायनरच्या बहुतेक क्लिपांना चाक न काढताही हात पोहोचतो: सुकाणू पूर्ण एका बाजूला फिरवा, क्लिपा दिसतात.

सगळ्या क्लिप नव्या घातल्या, तरी आवाज येतोच.

बोटाने ट्रिमवर ठिकठिकाणी दाबून बघा. दाबल्यावर आवाज थांबतो तिथे क्लिप घरट्यात बसली आहे पण भोकात नाही, किंवा दांडा लांब आहे. दुसऱ्या प्रकरणात क्लिपच्या डोक्याखाली पातळ फोमचा किंवा रबराचा वॉशर घाला. रबरी कडा कुरकुरत असेल तर सिलिकॉन ग्रीस लावा. खनिज तेलाने किंवा साध्या ग्रीसने ईपीडीएम रबर फुगते आणि कडेतून बाहेर येते. आणि आवाज उंबऱ्याच्या आतून, ब्रेक मारताना पुढे सरकत येत असेल, तर तो बहुधा आत पडलेल्या जुन्या क्लिपचा तुकडा. निचऱ्याच्या भोकातून वाकड्या चिमट्याने तो काढता येतो.